ऑटोक्रॉसला टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि ब्रेक पॅड कुठले घ्यायचे: जुन्या मियाटावर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकतो. ऑटोक्रॉस सुरू करायचं असेल तर पहिले पैसे चांगल्या प्रेशर गेजवर घाला, मग टायरवर, आणि ब्रेक पॅड सगळ्यात शेवटी, तेसुद्धा साधे स्ट्रीटचे. आमच्याकडे बहुतेक नवीन पोरं नेमकं उलटं करतात, पहिल्या इव्हेंटच्या आधीच रेसिंगचे पॅड मागवून मोकळे होतात आणि हवा मात्र सर्व्हिसिंगवाल्याने जी भरून दिली तीच घेऊन लाइनीत उभे. मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, इथे आपली मराठी माणसं ढिगाने आहेत आणि त्यातली कितीतरी गाड्यांच्याच कंपन्यांत काम करतात, आठवडाभर सस्पेन्शनची सिम्युलेशन चालवतात, आणि रविवारी पार्किंग लॉटवर भेटल्यावर हवा किती ठेवलीस विचारलं तर उत्तर येतं, "दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी."

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्ठा मोकळा पार्किंग लॉट नाहीतर जुनी धावपट्टी, त्यावर नारिंगी कोन मांडून केलेला वाकडातिकडा रस्ता, एका वेळी एक गाडी, वेळ मोजतात. एक रन पंचेचाळीस ते साठ सेकंदांचा, दिवसात असे चार-पाच मिळतात आणि बाकी वेळ उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलायचे. एक कोन पाडला की २ सेकंद दंड. अमेरिकेत हे मुख्यतः एससीसीए म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका भरवते, १९४४ सालची संस्था, ते याला 'सोलो' म्हणतात आणि दर सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनला नॅशनल्स म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा होतात. वेग हायवेच्या वर जात नाही, माझ्या गाडीत तर जवळजवळ अख्खा रन दुसऱ्या गिअरमध्येच होतो. रन एका मिनिटाचासुद्धा नाही आणि त्यानंतर गाडी बराच वेळ नुसती उभी, हे तेवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

गाडी दुसऱ्या पिढीची माझदा मियाटा, १९९९ ते २००५ मध्ये विकली जायची ती, पाच गिअरची मॅन्युअल, ड्राइव्ह मागच्या चाकांना, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक म्हणजे जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. क्लास म्हणजे स्पर्धेतला गट ई स्ट्रीट. स्ट्रीट कॅटेगरीत फारसं काही करू देत नाहीत, चाकाची रुंदी कंपनीने दिली तीच ठेवायची, टायरचं ट्रेडवेअर रेटिंग (आकडा जेवढा मोठा तेवढा टायर हळू झिजतो) कमीत कमी २०० पाहिजे, पण ब्रेक पॅड कुठल्याही मटेरियलचे लावा, आणि हवेला तर काय नियमच नाही. म्हणजे फुकटात गाडी बदलायची असेल तर हवा हाच एक उपाय उरतो, आणि बरेच लोक नेमका तोच वापरत नाहीत.

तर गेज. मी वापरतो तो लाँगएकर कंपनीचा काट्याचा, शून्य ते साठ पीएसआयवाला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला किती पाउंड दाब), रबरी नळीचा, बाजूला हवा सोडायचं बटण असलेला. साठवालाच का, शंभरवाला का नाही, तर काट्याच्या गेजची अचूकता सगळ्या डायलवर सारखी नसते. ग्रेड बी म्हणून जो सर्वसाधारण दर्जा आहे त्यात डायलच्या मधल्या अर्ध्या भागात फुल स्केलच्या २ टक्के आणि दोन्ही टोकांच्या पाव भागात ३ टक्के चूक चालते. आपलं सगळं काम २६ ते ४० मध्ये, साठच्या डायलवर ते बरोब्बर मधोमध येतं. शंभरच्या डायलवर तेच तीस पीएसआय कडेच्या बाजूला सरकतं, आणि टक्केवारी फुल स्केलची असल्यामुळे चूकही पीएसआयमध्ये जास्त होते, वर रेघा इतक्या जवळजवळ की अर्धा पीएसआय वाचायचा म्हणजे डोळे ताणावे लागतात.

खरं सांगायचं तर अगदी अचूक आकडा इतका महत्त्वाचा नाहीच. तुमचा गेज कायम एक पीएसआय जास्त दाखवत असेल तरी चालेल, फक्त तो दर वेळी तेवढाच जास्त दाखवायला हवा. सकाळी एक आणि दुपारी दुसरंच असं झालं की तुमची आकडे लिहिलेली वही रद्दी. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा एक पंप आहे, कंपनीचं नाव घेत नाही, हवा भरायला झकास आहे पण त्याच्या स्क्रीनवरचा आकडा आणि गेजचा आकडा यांचं कधी जमलंच नाही, आणि फरकही दर वेळी वेगळा. आता पंपाने दोन-तीन पीएसआय जास्तच भरतो आणि गेजचं बटण दाबून खाली आणतो. हे बटण असलेलाच गेज घ्या, नसेल तर पैसे वाचवू नका. रन संपवून ग्रिडवर (गाड्या रांगेत उभ्या करतात त्या जागी) आलात, हेल्मेट डोक्यावर, पुढच्या रनला पाच मिनिटं आहेत, अशा वेळी व्हॉल्व्हमध्ये किल्ली खुपसून अंदाजाने हवा सोडणं, परत मोजणं, परत सोडणं, शक्य नाही. गेजबद्दल तक्रार एकच, अंगाने मोठा आहे, ग्लोव्ह बॉक्समध्ये मावत नाही, आणि काट्याचा असल्यामुळे आपटून चालत नाही, म्हणून जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा, हवा किती. माझ्या गाडीच्या दारावर २६ पीएसआय लिहिलंय, चारही चाकांना. तो आकडा रोजच्या चालवण्यासाठी आणि गाडीसोबत आलेल्या टायरसाठी आहे, खड्ड्यात कमरेला धक्का बसू नये, टायर सगळीकडून सारखा झिजावा वगैरे. कोनांच्या मधून गाडी फेकायची तर चित्र वेगळं होतं. वळणावर बाहेरच्या पुढच्या टायरवर इतकं वजन येतं की तो रिमवरून आडवा लोळायला बघतो, आणि हवा कमी असेल तर ट्रेड (जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) सोडून खांद्यावर आणि साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) घासत जातो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर काहीच करत नाही आणि मग एकदम वळते, ते यामुळेच. हवा वाढवली की साइडवॉल ताठ होते, स्लॅलममध्ये, म्हणजे कोनांच्या ओळीतून नागमोडी जाताना, गाडी पटापट दिशा बदलते. पण वाढवतच गेलात तर टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, आणि गाडी मस्त चपळ वाटते पण घसरते. हे 'चपळ वाटणं' फार फसवं आहे बरं का. ड्रायव्हरला जास्त हवेची गाडीच नेहमी फास्ट वाटते, वेळ बघितली की कळतं.

माझ्या मियाटावर चांगल्या २०० ट्रेडवेअरच्या टायरला, गरम असताना, पुढे ३१ आणि मागे २९ च्या आसपास सगळ्यात बरं जमतं. हे आकडे तसेच्या तसे उचलू नका, सहा इंच रुंद रिमवर २०५ मिलिमीटर रुंदीचा टायर चढवलाय त्यामुळे साइडवॉल आधीच रिमच्या बाहेर झुकलेली असते, तिला जरा जास्त हवा लागते, तोच टायर सात इंचाच्या रिमवर कमी हवेत भागेल. मियाटाला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, गाडी कलली तरी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूला असलेला कल, बऱ्यापैकी टिकतो. मॅकफर्सन स्ट्रट या साध्या सस्पेन्शनची फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी असेल, सगळं वजन नाकावर आणि कॅम्बर जवळजवळ शून्य, तर पुढे ३६ ते ४० पर्यंतसुद्धा जावं लागतं, नाहीतर पहिल्याच इव्हेंटमध्ये पुढच्या टायरचा खांदा सोलून निघतो. अशा गाडीचं शेपूट वळणावर बाहेर यावं म्हणून काही जण मागे मुद्दाम खूप जास्त हवा भरतात, मागची पकड कमी करून गाडी फिरवायची. चालतं, पण पावसात ते करू नका, गाडी मागून कधी निघून गेली ते कळायच्या आत तुम्ही उलट्या दिशेला तोंड करून बसलेले असाल.

आकडा शोधायची पद्धत जुनी आणि फुकटची आहे, खडू. टायरच्या खांद्यावर, ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, तीन-चार ठिकाणी खडूची आडवी रेघ मारायची, किंवा बुटांचं पांढरं लिक्विड पॉलिश येतं ते लावायचं, ते जास्त टिकतं. रन करून या आणि बघा कुठपर्यंत पुसलं गेलंय. बऱ्याच टायरवर तिथे एक बारीकसा त्रिकोण असतो, तो खरं तर आत झीज दाखवणारी पट्टी कुठे आहे ते सांगायला असतो, पण आम्ही त्यालाच हद्द मानतो. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर ठीक, त्रिकोणाच्या खाली गेला तर हवा कमी आहे, ट्रेडच्या कडेलाच खडू तसाच शिल्लक असेल तर जास्त आहे. खडूने जवळपासच्या आकड्यापर्यंत पोचता येतं, तिथून पुढे घड्याळ. एका वेळी एकाच एक्सलची (पुढच्या नाहीतर मागच्या जोडीची) हवा बदला, दोन पीएसआयने बदला, आणि लिहून ठेवा. अर्धा पीएसआय इकडेतिकडे करून मला फरक कळतो असं म्हणणारे लोक भेटतात, कळत असेलही, आपल्यासारख्यांचा तर प्रत्येक रनच वेगळा असतो, त्यात अर्धा पीएसआय कुठे शोधणार.

आणखी एक फुकटची गोष्ट. कोन उचलायची ड्युटी लागते तेव्हा मोबाईल बघत उभे राहू नका (तसाही बघायला बंदी असते), अवघड वळणाजवळची जागा मागून घ्या आणि तुमच्यासारख्या गाड्यांचा बाहेरचा पुढचा टायर बघा. कोणाचा किती लोळतोय ते इतकं स्वच्छ दिसतं, मग त्याला जाऊन विचारा हवा किती होती. लोक आनंदाने सांगतात, इथे लपवाछपवी नाही.

मिशिगनमध्ये खरी गंमत हवामानाची. मे महिन्यात सकाळी सातला ५० फॅरनहाइट असतं, म्हणजे आपलं १० सेल्सिअस, आणि दुपारी टायरचं तापमान सहज ९० च्या वर. ढोबळ हिशेब दर १० फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय. सकाळी ३२ भरलीत तर काही न करता दुपारी साडेपस्तीस होते, म्हणजे सकाळी शोधून काढलेला आकडा जेवणानंतर गायब. त्यात गाडी ग्रिडवर उन्हात उभी असते तेव्हा उन्हाच्या बाजूचे दोन टायर सावलीतल्या दोघांपेक्षा जास्त तापतात, काळं डांबर खालून भाजतं ते वेगळंच. म्हणून मी सकाळची थंड हवा फार मनावर घेत नाही, पहिला रन झाल्या झाल्या चारही चाकं मोजतो आणि गरम आकड्यावर आणतो, नंतर प्रत्येक रननंतर तेच. पहिला रन तसाही रस्ता पाठ करण्यात जातो.

नायट्रोजनचं विचारू नका. बरं, विचारलंतच तर, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच वाढतात, फरक पडतो तो आत पाण्याची वाफ किती आहे त्याचा. फुकट मिळत असेल तर घ्या. पैसे देऊन घेतलात आणि मग दर रनला बटण दाबून तोच सोडून देताय, असं करायचं असेल तर तुमची मर्जी.

टायर माझ्याकडे ब्रिजस्टोनचे पोटेंझा आरई-७१आरएस आहेत, २०५/५०आर१५. चार टायर आठशे डॉलरच्या घरात गेले, गाडीच्या किमतीच्या मानाने हा वेडेपणाच, पण गाडीत जो काही वेळ सुधारला तो मुख्यतः इथून. पहिल्याच रनला पकड येते, तापवत बसावं लागत नाही, आणि पकड सुटते तेव्हा हळूहळू सुटते त्यामुळे नवशिक्याला सांभाळायला वेळ मिळतो. योकोहामाचा ॲडव्हान ए०५२ थंडीत आणि एकाच ड्रायव्हरच्या गाडीत याहून वरचढ म्हणतात, आमच्या इथल्या वेगवान मंडळींकडे तोच असतो, पण तो लवकर तापतो. एका गाडीत नवरा-बायको दोघं चालवणारी जोडपी असतात, गाडीला विश्रांतीच नाही, ती मंडळी बागेत फवारणीला वापरतात तो पंप घेऊन टायरवर पाणी मारत असतात. हँकूकचा आर-एस४ याच्या बरोबर उलट, टिकतो खूप, ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं मार खातो, पण त्याला गरम व्हायला वेळ लागतो आणि आपला रन तोपर्यंत संपलेला असतो. ट्रॅक डे आणि ऑटोक्रॉस दोन्हीला एकच सेट हवा असेल तर तो बघा, नुसत्या ऑटोक्रॉसला नको.

टायर 'टायर रॅक' नावाच्या कंपनीकडून घेतले. साउथ बेंड, इंडियानाला त्यांचं मुख्य ठिकाण आहे, डेट्रॉइटपासून तीनेक तासांवर. २०२१ मध्ये 'डिस्काउंट टायर' या दुसऱ्या टायरविक्रेत्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली, मला तरी ग्राहक म्हणून काही वाईट फरक जाणवला नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाला ऑटोक्रॉस म्हणजे काय, ई स्ट्रीट म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यानेच विचारलं की रिम सहा इंचीच ठेवणार ना. मोठी साइज खपवायची संधी होती, त्याने सरळ सांगितलं की या रिमवर २२५ चढवणारे आहेत पण तुम्ही नवीन असाल तर २०५ च घ्या. अशा दुकानाला पाचपैकी पाच. टायर रिमवर बसवायला मात्र गावातल्या एका दुकानात गेलो, त्यांनी बॅलन्सिंग नीट केलं आणि चारही चाकांत ४० पीएसआय भरून दिली, वर कागदावर "प्रेशर ओके" असा शिक्का. घरी येऊन पहिलं काम हवा सोडायचं.

आता ब्रेक पॅड. लोकांना वाटतं रेस म्हणजे ब्रेक लालभडक होणार, धूर निघणार, म्हणून रेसिंगचे पॅड पाहिजेत. जरा हिशेब करू. गाडी आणि मी मिळून साधारण ११४० किलो. ताशी ५५ मैलांवरून २५ पर्यंत कचकन ब्रेक मारला तर पावणेतीन लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कवर धरा, म्हणजे एकेका डिस्कला लाखाच्या आत. डिस्क चार-सव्वाचार किलोची लोखंडी, तर एका ब्रेकला तिचं तापमान ५० सेल्सिअसने वाढलं. एका रनमध्ये असे जोरदार ब्रेक किती, दोन, फार तर तीन. बाकी सगळं नुसतं पाय टेकवणं. म्हणजे रन संपताना डिस्क दीडशे-पावणेदोनशे सेल्सिअसला, आणि मग पुढच्या रनपर्यंत परत थंड. ट्रॅकवर ताशी ११० मैलांवरून लॅपमागून लॅप ब्रेक मारतात, वेग दुप्पट म्हणजे ऊर्जा चौपट, आणि थंड व्हायला वेळ नाही, तिथे ब्रेक फेड होतात म्हणजे तापून पकड सोडतात, तिथे रेसिंगचे पॅड हवेत. आपल्याकडे फेड व्हायला ब्रेक तापतच नाहीत.

आणि पक्के रेसिंगचे पॅड थंड असताना धड पकडतच नाहीत, ते बनवलेलेच कित्येक शे डिग्रीला काम करायला. आमच्यातल्या एकाने असे पॅड लावले होते, पहिल्या वळणाला पेडल दाबतोय आणि गाडी सरळ, शेवटी कोनांची भिंत घेऊनच थांबला. वर ते थंड असताना डिस्क खरवडतात. रोज ऑफिसला जायच्या गाडीत तर असले पॅड लावणं सरळ धोक्याचं आहे, सकाळी थंड ब्रेकवर समोर शाळेची बस थांबली तर काय करणार.

तेव्हा आपल्याला पाहिजे काय, तर थंड असतानाच पहिल्या दाबाला पकडणारा आणि पायाच्या जोरानुसार कमी-जास्त होणारा पॅड. मी हॉक कंपनीचे एचपीएस आणि एचपी प्लस दोन्ही वापरलेत. एचपीएस हा रस्त्यावरचा पॅड, गाडीसोबत येणाऱ्या साध्या पॅडपेक्षा पकड थोडी जास्त, सुरुवात मऊ, आवाज नाही म्हणण्याइतका कमी. एचपी प्लस कंपनी ऑटोक्रॉस आणि हौशी क्लब रेसिंगसाठीच विकते, पकड खरंच जोरदार, पहिल्या इंचात गाडी नाक टेकवते. पण कंपनी स्वतःच सांगते की आवाज आणि धूळ जास्त येईल, आणि येतेच. थंडीत सिग्नलला थांबताना पीएमटीच्या जुन्या बससारखा आवाज येतो, मंडळाच्या गणपतीला गेलो तर पार्किंगमधली सगळी मान वळवून बघतात. धूळ लोखंडी असते, पावसात भिजली आणि तशीच राहिली की चाकावर गंजासारखी चिकटते, म्हणून धुवायचं तर लगेच धुवा.

वेळेत फरक किती, तर ईमानदारीत सांगतो, एचपीएस आणि एचपी प्लसमध्ये माझ्या वेळेत काही दिसला नाही. शेवटी गाडी थांबवतो टायर. साधा पॅडसुद्धा टायर लॉक करू शकत असेल तर त्याहून जास्त पकडीचा पॅड गाडी आणखी लवकर थांबवणार नाही, फक्त पाय कमी दुखेल. फरक पडतो तो कंट्रोलमध्ये, आणि तिथे माझ्यासारख्या बिनएबीएसच्या गाडीला मऊ सुरुवातीचा पॅड उलट बरा, कारण कचकन पकडणाऱ्या पॅडने चाक लॉक झालं की दोनशे डॉलरच्या टायरवर चपटा डाग पडतो आणि तो टायर मग हायवेवर धडधडत राहतो. एबीएसवाल्यांची वेगळीच भानगड, चिकट टायर, जोरकस पॅड आणि पाय एकदम आदळला तर काही गाड्यांचं एबीएस गोंधळतं, त्याला वाटतं गाडी बर्फावर आहे, पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबतच नाही. याला इथे आइस मोड म्हणतात. पॅड बदलून थोडा फरक पडतो, पाय आदळायची सवय बदलून जास्त.

म्हणून मी परत एचपीएसवर आलोय आणि तिथेच राहणार. पुढचे-मागचे दोन्ही सेट मिळून दोनशे डॉलरच्या आत झाले. दोन्ही एक्सलचे एकदम बदला हे मात्र कळकळीने सांगतो. नुसते पुढचे जोरदार पॅड लावले की ब्रेकचा सगळा भार पुढे जातो, पुढची चाकं आधी लॉक होतात आणि मागचे ब्रेक नुसते सोबतीला. नुसते मागचे बदलायची तर कल्पनाही करू नका.

बेडिंग करा, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसवायचा. हॉकची पद्धत सोपी आहे: ताशी ३०-३५ मैलांवरून सहा ते दहा वेळा मध्यम ब्रेक, मग ४०-४५ वरून दोन-तीन वेळा जोरात, आणि मग गाडी उभी करून पंधराएक मिनिटं थंड होऊ द्यायची. जोरात मारताना पूर्ण थांबू नका, गरम पॅड एका जागी दाबून धरला की तिथे ठसा उमटतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. रविवारी सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर करा, आमच्या कॉलनीत संध्याकाळी केलं तर कोणीतरी पोलिसांना फोन करेल. कंपाउंड म्हणजे पॅडचं मटेरियल बदलताना जुना थर घासून काढा किंवा डिस्कच नवीन घ्या, जुन्या मियाटाच्या डिस्क तशा स्वस्तच आहेत. इव्हेंटहून परत आल्यावर हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये उभी करा, कारण तेच. ब्रेक ऑइल मी साधं डॉट ४ घालतो, महागड्या रेसिंग ऑइलची इथे काही गरज नाही, फक्त दर एक-दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी पितं.

पुण्या-नाशिककडचे मित्र हे वाचून मियाटाचे आकडे स्विफ्टला किंवा पोलोला लावतील म्हणून आधीच सांगतो, भारतात एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) या संस्थेच्या छत्राखाली होणारे बरेचसे ऑटोक्रॉस मातीवर असतात. मातीवर हे २०० ट्रेडवेअरचे टायर काही कामाचे नाहीत, जवळजवळ गुळगुळीत असतात, तिथे खोल नक्षीचे टायर लागतात आणि दगड लागून रिम वाकू नये याचाही विचार करून हवा ठेवावी लागते. डांबरावरचा इव्हेंट असेल तर मात्र खडूची पद्धत तशीच्या तशी चालेल, त्याला ना पैसे लागतात ना परवानगी. स्ट्रटच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीबद्दल वर लिहिलंय ते बघा, पुढे जास्त ठेवून सुरुवात करा आणि दोन-दोनने खाली या.

नव्या गाड्यांमध्ये टीपीएमएस म्हणजे टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते, दारावरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागतो. ऑटोक्रॉसला आपण सहसा वरच जातो त्यामुळे दिवा लागणार नाही, पण त्याचा स्क्रीनवर दिसणारा आकडा गेज म्हणून वापरू नका, तो उशिरा अपडेट होतो.

आता नोव्हेंबर आलाय, सीझन संपला. आरई-७१आरएससारखे उन्हाळी टायर गोठणाऱ्या थंडीत ठेवले आणि त्या अवस्थेत वाकले-दाबले गेले तर ट्रेडला भेगा पडू शकतात, म्हणून ते गॅरेजमध्ये न ठेवता काढून खाली बेसमेंटमध्ये आणलेत, काळ्या पिशव्यांत बांधून, घर गरम करणाऱ्या भट्टीपासून लांब. गाडी जुन्या टायरवर उभी आहे, त्यात ४० पीएसआय भरून ठेवलीय म्हणजे चार-पाच महिने एका जागी राहून चपटे होणार नाहीत. एप्रिलमध्ये पोर्टरफील्डचे आर४-एस पॅड लावून बघायचा विचार आहे, जुन्या मियाटावाल्यांमध्ये त्यांचं बरंच नाव आहे. कोणी वापरले असतील तर थंडीत पहिला ब्रेक कसा लागतो आणि चाकं किती काळी होतात, एवढं खाली लिहा.